पॉइंट अँड शूट: रोखा, थांबा, मग दाबा

रोल घालायच्या छोट्या, सोप्या कॅमेऱ्यांना ‘पॉइंट अँड शूट’ म्हणतात, म्हणजे रोखा आणि दाबा. निम्मे फोटो बिघडतात ते या नावावर भरवसा ठेवल्यामुळे. रोखणं आणि दाबणं यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते.

आधी आपला कॅमेरा कुठल्या जातीचा ते बघा. बटण अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरशेजारी (डोळा लावून बघायच्या खिडकीशेजारी) हिरवा दिवा लागला, तर बहुधा तो ऑटोफोकस, म्हणजे फोकस स्वतः जुळवणारा आहे. असा मोठ्या प्रमाणावर निघालेला पहिला कॅमेरा म्हणजे 1977 चा कोनिका सी35 एएफ. स्वस्त मॉडेलांत फोकस कायमचा ठरलेला असतो. त्यांच्यासमोर माणूस दीड-दोन मीटरवर उभा करा.

रोल भरताना फिल्मचं टोक आतल्या खुणेपर्यंतच ओढा. जास्त ओढलं तर ती फुगून बसते, कमी ओढलं तर रिळात अडकत नाही. झाकण लावल्यावर मोटर फिरून काउंटरवर 1 आला पाहिजे. नाही आला तर झाकण उघडून टोक पुन्हा बसवा, नाहीतर रोल कोराच राहील.

आता ती पायरी. ऑटोफोकस सहसा मधल्या चौकटीतच बघतो. दोघांच्या मधोमध कॅमेरा रोखलात, तर मागची भिंत स्पष्ट आणि माणसं धूसर. म्हणून चौकट एकाच्या चेहऱ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून धरा, मग कॅमेरा सरकवून पूर्ण दाबा. इन्फ्रारेडवर, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांनी अंतर मोजून चालणारे कॅमेरे खिडकीच्या काचेलाच फसतात. डोंगराचं चिन्ह असलेलं बटण असेल, तर बाहेरचं दृश्य टिपताना ते दाबा.

व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही. त्यामुळे लेन्सवर आलेलं बोट किंवा लोंबणारा पट्टा तुम्हाला दिसतच नाही, दिसतो तो थेट प्रिंटवर! जवळचा फोटो घेताना आतल्या छोट्या खुणांच्या मर्यादेत डोकं ठेवा, नाहीतर ते कापलं जातं.

100 एएसएच्या (एएसए म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) रोलवर फ्लॅश साधारण तीन-चार मीटर पोचतो, 400 वर त्याच्या दुप्पट. हॉलच्या शेवटच्या रांगेतून मारलेल्या फ्लॅशने फक्त पुढच्यांची डोकी उजळतात. फ्लॅश तयार व्हायला खूप वेळ लागू लागला, तर सेल बदला.

रोल संपला की मोटर उलटी फिरते. आवाज पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका. मध्येच रोल काढायचा असेल, तर तळाशी किंवा बाजूला खोलगट बटण असतं. ते बोथट टोकाने दाबा.