नवतीच्या काळातील काळजी: लिंबूवर्गीय बागेतील वाहक किडी आणि विषाणूरोगांचा प्रसार

संत्रा, मोसंबी आणि लिंबाच्या झाडांना नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, येऊ लागली की रस शोषणाऱ्या किडींचीही वाढ सुरू होते. मावा कोवळ्या शेंड्यांवर वसाहत करतो आणि सिट्रस सायला या रस शोषणाऱ्या बारीक उडत्या किडीची मादी तर नुकत्याच उमलू लागलेल्या कोंबाखेरीज इतरत्र अंडीच घालत नाही. त्यामुळे पुढील काही आठवड्यांत फवारणीचा दिवस ठरवताना मागील फवारणीला किती दिवस झाले यापेक्षा शेंडे कोणत्या अवस्थेत आहेत याकडे अधिक लक्ष द्यावे. पाने पूर्ण उघडून कडक झाल्यावर केलेली फवारणी बहुतांशी वाया जाते, कारण तोपर्यंत माव्याची पंख असलेली पिढी तयार होऊन शेजारच्या झाडांवर गेलेली असते.

कीड मारली म्हणजे रोग थांबला, असे मात्र गृहीत धरू नये. रोग कोणता आणि त्याचा वाहक कोणता, यावर कीटकनाशकाचा उपयोग किती होणार हे अवलंबून असते. ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग मावा पसरवतो आणि त्यातही तपकिरी-काळा लिंबूवर्गीय मावा सर्वांत कार्यक्षम वाहक आहे. कपाशीवरील मावाही हे काम करतो, पण कमी प्रमाणात. रोगट झाडावर अर्धा ते एक तास रस शोषला तरी मावा विषाणू उचलतो, पुढच्या झाडावर तो सोडतो आणि साधारण एक-दोन दिवसांत त्याची वाहकक्षमता संपते. याचा अर्थ असा की बाहेरून उडत आलेला पंखांचा मावा फवारलेल्या झाडावर बसला, तर कीटकनाशकाने मरण्यापूर्वीच तो आपले काम उरकू शकतो. बागेत वाढणाऱ्या वसाहती वेळीच मोडल्या तर बागेतल्या बागेत होणारा प्रसार मंदावतो; बाहेरून येणारा संसर्ग मात्र फवारणीने पूर्णपणे रोखता येत नाही.

ग्रीनिंग या पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाची गोष्ट वेगळी आहे. अनेक बागायतदार त्याला विषाणूरोगांतच धरतात, परंतु त्याचे कारण झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहणारा जिवाणू आहे आणि त्याची वाहक सायला आहे. सायलाच्या पिल्लाने रोगट शेंड्यावर वाढताना हा जिवाणू घेतला, तर प्रौढ झाल्यावर ती कीड आयुष्यभर तो पसरवू शकते. जिवाणू घेणे आणि पसरवणे यांत काही दिवस ते आठवडे जात असल्यामुळे येथे पिल्लावस्थेतच कीड मारणे खऱ्या अर्थाने साखळी तोडणारे ठरते. म्हणून हाताशी मनुष्यबळ कमी असेल आणि बागेत दोन्ही किडी असतील, तर सायलाच्या बंदोबस्ताला आधी हात घालावा, असे आमचे मत आहे. पिवळा मोझॅक या तिसऱ्या रोगाचा विषाणू कलमांतून आणि पिठ्या ढेकणामार्फत पसरतो. पिठ्या ढेकूण हळू सरकणारी कीड असल्याने तेथे मुंग्यांचा बंदोबस्त आणि कलमासाठी निरोगी डोळे (फांदीवरील कळ्या) यांना अधिक महत्त्व आहे.

निरीक्षणाची सुरुवात बागेच्या कडेच्या ओळींपासून करावी, कारण सायला प्रथम तेथेच जास्त आढळते. कोंब काडीपेटीतील काडीएवढा झाला की भिंगाखाली त्याच्या घडीतील पिवळसर-केशरी, बदामाच्या आकाराची अंडी दिसतात. पिल्ले चपटी आणि पिवळसर असून पांढरे, मेणचट, दोऱ्यासारखे स्राव सोडतात. प्रौढ कीड तीन-चार मिलिमीटर लांब, तपकिरी ठिपक्यांची असते आणि पानावर डोके खाली व शेपटाकडचा भाग वर करून तिरकी बसते. एकदा ही बैठक ओळखली की दुसऱ्या कोणत्याही किडीशी गल्लत होत नाही. पांढरा कागद किंवा थाळी फांदीखाली धरून फांदीवर काठीने तीनदा टकटक केल्यास प्रौढ कीड खाली पडते. पिवळे चिकट सापळे उपयोगी आहेत, पण ते कीड आल्याची सूचना देण्यासाठी. त्यांनी बाग स्वच्छ होईल अशी अपेक्षा ठेवू नये. बांधावरील कढीपत्ता आणि कामिनीची झुडपेही तपासावीत, कारण सायला त्यांच्यावरही वाढते.

पहिली फवारणी कोंब दिसू लागताच, पाने उलगडण्यापूर्वी करावी आणि पुढची फवारणी शेंड्यांची तपासणी करूनच ठरवावी. झाडे लहान असताना नवती वरचेवर येते, म्हणून नव्या लागवडीला मोठ्या झाडांपेक्षा जास्त वेळा पाहणे आवश्यक आहे. आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून सर्वत्र पसरणारे) कीटकनाशक मुळांजवळ देण्याची पद्धत अशा लहान झाडांत चांगला परिणाम देते. मोठ्या झाडांच्या विस्तारात औषधाची मात्रा पुरेशी पोहोचत नाही. औषध मुळांतून शेंड्यापर्यंत चढण्यास वेळ लागत असल्याने ते नवती येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, ओलावा असलेल्या जमिनीत द्यावे. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातील औषधे मधमाश्यांना घातक असल्याने फुलोऱ्याच्या आधी लगेच किंवा फुलोऱ्यात, फवारणीतून वा जमिनीतून, देऊ नयेत. नवती आणि फुले एकाच वेळी असतील तेव्हा नीमयुक्त औषध किंवा बागायती खनिज तेल यांचा विचार करावा; खनिज तेल मात्र कडक उन्हात, पाण्याचा ताण असलेल्या झाडांवर किंवा गंधकाच्या फवारणीच्या मागेपुढे वापरल्यास पाने करपतात.

औषधांची अदलाबदल करताना व्यापारी नाव पाहू नये. लेबलवर कीटकनाशकाचा कार्यपद्धतीनुसार गट क्रमांक दिलेला असतो. निओनिकोटिनॉइड ४अ, सिंथेटिक पायरेथ्रॉइड ३अ, ऑर्गॅनोफॉस्फेट १ब असे ते गट आहेत. दोन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकाच गटाचे औषध असेल, तर ती अदलाबदल केवळ कागदावरच राहते आणि किडीत प्रतिकारशक्ती तयार होते. मात्रा, पिकावरील शिफारस आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हे लेबलवरूनच पाळावेत. पायरेथ्रॉइडच्या पाठोपाठच्या फवारण्यांनी मित्रकीटक मरतात आणि कोळी, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण उसळी घेतात, म्हणून त्यांचा वापर शक्यतो टाळावा. ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या आणि सायलाच्या पिल्लांवर जगणारी टॅमरिक्सिया ही इवलीशी गांधीलमाशी हे सारे मिळून बरेच काम करतात, परंतु मुंग्यांचा पहारा असेल तर त्यांना जवळ फिरकता येत नाही. मुंग्या झाडावर चढू नयेत म्हणून जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात आणि खोडाभोवती चिकट पट्टा लावावा. चिकट पदार्थ थेट सालीवर न लावता कागद किंवा प्लास्टिक गुंडाळून त्यावर लावावा.

नत्राचा मोठा हप्ता एकदम दिला आणि पाण्याच्या पाळ्या अनियमित ठेवल्या, तर नवती एकसारखी न येता महिनाभर तुकड्यातुकड्यांनी येत राहते व किडींना सतत कोवळे खाद्य मिळते. खत विभागून द्यावे आणि पानसोट (जोमाने सरळ वाढणारे निरुपयोगी फुटवे) वेळोवेळी काढावेत.

फवारणीपेक्षाही मोठा प्रश्न लागवडीच्या वेळीच सुटलेला असतो किंवा सुटलेला नसतो. दूरच्या अंतरावर ट्रिस्टेझा नेणारा खरा वाहक म्हणजे रोगट डोळकाडी, म्हणजे कलमासाठी डोळे घेतलेली फांदी. दक्षिण अमेरिकेत १९३० च्या दशकात आंबट संत्र्याच्या खुंटावरील (कलमाखालच्या मुळांच्या झाडावरील) बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या आणि मावा हा रोग पसरवतो हे ब्राझीलमध्ये १९४६ साली प्रयोगाने सिद्ध झाले. हा विषाणू बियाण्यातून जात नाही, त्यामुळे बियांपासूनची खुंटरोपे मुळात निरोगी असतात, परंतु उघड्यावर वाढवल्यास तीही माव्यामुळे बाधित होऊ शकतात. म्हणून कलमे दुहेरी दरवाजाच्या कीटकरोधक जाळीगृहातील आणि तपासलेल्या मातृवृक्षापासूनची असावीत. मातृवृक्ष नुसता हिरवागार दिसतो हा पुरावा नव्हे, कारण सहनशील खुंटावरील झाड विषाणू बाळगूनही चांगले दिसते. जंबेरी आणि रंगपूर लाईम हे खुंट ट्रिस्टेझाला सहनशील आहेत, आंबट संत्र्याचा खुंट अत्यंत संवेदनशील आहे.

झाड एकाएकी कोमेजले तर आधी कलमाच्या जोडाजवळची साल थोडी सोलून पाहावी. आंबट संत्र्याच्या खुंटावर जोडाखालील सालीच्या आतल्या बाजूस मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असल्यास ट्रिस्टेझाची शंका घ्यावी. साल तपकिरी होऊन कुजलेली व डिंक येत असलेली असेल तर कारण बहुधा फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगकारक आहे आणि त्याचा उपाय निराळा आहे. कागदी लिंबाचे कोवळे पान उजेडाकडे धरल्यास शिरांचे तुकडे पारदर्शक दिसणे, हेही ट्रिस्टेझाचे लक्षण आहे. ग्रीनिंगमध्ये पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंचे पिवळेपण सारखे नसते, तर जस्ताच्या कमतरतेत ते सारखे दिसते. तरीही शेवटचा निर्णय प्रयोगशाळेतील पीसीआर (रोगकारकाचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीवरच सोपवावा. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीने पाने काही काळ हिरवी होतात, रोगकारक मात्र झाडात तसाच राहतो.

ग्रीनिंगची लक्षणे संसर्गानंतर अनेक महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसतात. फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये आढळली आणि रोग २००५ मध्ये. म्हणून कीड आहे पण रोग नाही, या समाधानात राहू नये. रोग निश्चित झालेले झाड काढण्याआधी त्यावर कीटकनाशकाची फवारणी करावी, अन्यथा झाड हलताच प्रौढ सायला शेजारच्या झाडांवर उडते. बुंधा मुळासकट काढावा. तो राहिला तर त्यातून फुटणारे कोंब रोगट असतात आणि किडीला पुन्हा आमंत्रण देतात. शेजारच्या बागायतदारांशी बोलून सर्वांनी एकाच आठवड्यात फवारणी केली, तर किडीला आसरा घेण्यासाठी जवळपास न फवारलेली बाग उरत नाही. रिकाम्या जागी लावलेल्या नव्या कलमांना जुन्या झाडांहून वेगळ्या वेळी नवती येते, तेव्हा त्यांच्यावर खूण बांधून त्यांची तपासणी स्वतंत्रपणे, आठवड्यातून एकदा करावी.