लोहाची गोळी लागू पडत नाही? मग आधी लिव्हर काय करतंय ते बघा

आमच्या खानापूरच्या मावशीचं हिमोग्लोबिन 8.6 आलं, लवकर भरून यावं म्हणून तिनं एकाच्या जागी सकाळी एक रात्री एक अशा गोळ्या चालू केल्या, पंधरा दिवसात पोट कडक, संडास काळी, जेवण जाईना आणि शेवटी गोळ्याच बंद. असं लई घरात होतंय म्हणून लिहायलोय.

लिव्हरमध्ये हेप्सिडिन नावाचं बारकं प्रोटीन तयार होतं, फक्त 25 अमिनो ॲसिडचं. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात जायला फेरोपोर्टिन नावाचं एकच दार असतंय, हेप्सिडिन त्याला चिकटलं की पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. उसाला पाणी पाजताना पाटाचं दार टाकलं की मागनं कितीबी सोडा, सरीत थेंब येत नाही, तसंच. अडकलेलं लोह पेशीतच राहतं, चार-पाच दिवसात पेशी झडली की संडासवाटे बाहेर. जास्तीचं लोह बाहेर टाकायची शरीराला दुसरी सोय नाही, त्यामुळं लिव्हर आत घेतानाच मोजून घेतं, दिवसाला जेमतेम 1-2 मिलिग्रॅम, कमी पडलं तर थोडं जास्त. बाकी रोजचं 20-25 मिलिग्रॅम जुन्या तांबड्या पेशी मोडून परत वापरात येतं, तेबी असल्याच दारातनं.

आता गोळीकडं या. 60 मिलिग्रॅमची एक गोळी घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण 24 तास वाढलेलं राहतं, म्हणजे रात्रीची दुसरी गोळी बंद दारावर जाऊन आपटते आणि पोट मात्र बिघडवते. म्हणून एकदाच, सकाळी, आणि डॉक्टर हो म्हणाले तर दिवसाआड घ्या. गरोदर बाईनं मात्र हे आपल्या मनानं करू नये, तिला रोज दिली असेल तर रोजच.

उपाशीपोटी लिंबू पाण्यासोबत घ्यायची. आपल्याकडं डोळे उघडले की चहा, तो तेवढा तास-दोन तास पुढं ढकला, दुधाचंबी तसंच. उपाशी सोसत नसेल तर जेवून घ्या, बंद करण्यापेक्षा ते बरं. नाचणीची भाकरी, हरबऱ्याची भाजी, शेपू हे खावंच, पण आठ हिमोग्लोबिन नुसत्या भाजीनं वर येत नाही हे मी स्पष्ट सांगतो.

ताप, इन्फेक्शन, संधिवात असला की लिव्हर मुद्दाम हेप्सिडिन वाढवतं, कारण जंतूंनाबी लोह पाहिजे असतं. हे दुखणं लांबलं तर साठा असूनबी हिमोग्लोबिन पडतं, गोळ्या खाऊन उपयोग कमी, आधी मूळ आजार बघायला लागतो. त्यात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी, शरीरातल्या आतल्या सुजेमुळं खोटी चांगली दिसते, त्यामुळं रिपोर्ट काढताना सोबत सीआरपी, म्हणजे ही सूज दाखवणारी तपासणी, करायला सांगा. सूज नसेल तर फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे साठा संपला, सूज असेल तर 70 पर्यंतसुद्धा शंका घ्यावी.

थॅलेसेमियात, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या जन्मजात आजारात, उलटं, हेप्सिडिन कमी पडतं, दार उघडंच, लोह लिव्हर आणि हृदयात साचत जातं. तिथं मेडिकलमधनं गोळी आणून खाणं घातक, म्हणून फेरिटिन बघितल्याशिवाय चालू करू नका. पाळी जास्त जाते का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का हेबी डॉक्टरला लाज न बाळगता सांगा, गळती चालू असेल तर भरून कसं येणार.

मावशी आता दिवसाआड सहाला गोळी, आठला चहा असं करते, पोट ठीक आहे. महिन्याभरानं परत हिमोग्लोबिन करा, आणि 12 वर आलं म्हणून लगेच सोडू नका, साठा भरायला पुढं आणखी तीनेक महिने गोळी लागते.