नोटीस दिल्यानंतर भाडं घेताना जपा
भाडेकरू जागा सोडत नसला की रागाच्या भरात कुलूप बदलावं, वीज तोडावी असं वाटतं. कृपा करून तसं करू नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि बाजू खरी असूनही घरमालकच अडचणीत येतो. कोर्टाचा हुकूम मिळाल्यावरही ताबा बेलिफामार्फतच (म्हणजे हुकूम बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्यामार्फत) घ्यायचा असतो.

सुरुवात लेखी नोटिशीने करा. "भाडं थकलंय" एवढंच मोघम नको; कोणत्या महिन्यांचं, किती, ते लिहा. नोटिशीची मुदत बहुधा ती भाडेकरूच्या हाती पडल्यापासून मोजतात, म्हणून पोचपावती जपून ठेवा.

पुष्कळजण फसतात ते यापुढे. नोटिशीनंतर भाडेकरू पुढच्या महिन्याचे पैसे खात्यात टाकतो आणि मालक गप्प बसतो. मग कोर्टात समोरचा वकील म्हणतो, "भाडं घेतलंत, म्हणजे भाडेकरार चालूच ठेवलात." पैसे आले त्याच दिवशी लेखी कळवा: "ही रक्कम भाडं म्हणून नव्हे, जागेच्या वापराची भरपाई म्हणून, नोटिशीचे हक्क राखून स्वीकारली आहे." पाठवण्याआधी हा मजकूर वकिलाला जरूर दाखवा, कारण काही ठिकाणी रक्कम परतच करावी लागते.