स्ट्राइपर आधी दिसावा लागतो

उथळ पाण्यात स्ट्राइपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास हा पट्टेदार समुद्री मासा, दिसत नाही, त्याची सावली दिसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या फ्लॅट्सवर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या विस्तीर्ण पट्ट्यांवर, मी फ्लाय-फिशिंगसाठी, म्हणजे पिसं-दोरे बांधलेल्या हलक्या गळाने (फ्लायने) मासे धरण्यासाठी, पहिले दोन उन्हाळे मासा शोधत घालवले आणि दोन्ही वर्षं हात हलवत परतलो. तीन फुटांचा मासा गुडघाभर पाण्यातून जवळून जातो आणि आपल्याला दिसत नाही, हे पटायला वेळ लागतो. पण त्याची पाठ हिरवट-करडी असते आणि ती खालच्या वाळूत पार मिसळून जाते. कुशीवरच्या ज्या सात-आठ काळ्या रेघांवरून त्याला नाव मिळालं, त्या वरून बघताना दिसतच नाहीत. सावलीला मात्र लपता येत नाही. स्वच्छ वाळूवर ती गडद आणि लांबट पडते, आणि ती हलते.

म्हणून नजर पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवू नका, तळावर ठेवा. तळावरची एखादी रेघ, शिंपला, वाळूची लहर पक्की धरा आणि तिच्यावरून काय सरकतंय ते बघा. शेवाळाचा पुंजका पाण्याच्या ओढीबरोबर वाहतो, मासा ओढीला तिरका किंवा उलटा जातो. ढगाची सावली मोठी असते आणि तिच्या कडा पुसट असतात. कधी मासा न दिसता पाणीच सांगतं: आजूबाजूची लाट एका दिशेला जात असते आणि मधेच हातभर जागेत पाणी वेगळं थरथरतं. त्याखाली मासे असतात. यासाठी पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा, चष्मा हवाच. उन्हात तांबूस काचा चांगल्या, ढगाळ दिवशी पिवळसर. टोपीची पट्टी आतून काळी असावी, नाहीतर पाण्यावरून उलटणारा उजेड तिच्यावर आपटून डोळ्यांत येतो.

कधी जायचं हे भरती-ओहोटी ठरवते. स्ट्राइपर हिवाळ्यानंतर चेसापीक उपसागर आणि हडसन नदीच्या बाजूला अंडी घालून उत्तरेकडे येतात. मेच्या उत्तरार्धापासून ते मॅसॅच्युसेट्सच्या फ्लॅट्सवर नीट दिसायला लागतात आणि जून हा खरा महिना. केप कॉड उपसागरात भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा फुटांचा आहे, त्यामुळे त्याच्या काठच्या ब्रूस्टर गावाला ओहोटीला समुद्र मैलभर आत जातो. मासे परतणाऱ्या पाण्याबरोबर वर येतात, कारण त्या पाण्यात वाळूतून बाहेर पडणारे सँड ईल (बारीक, लांबट छोटे मासे), कोळंबी आणि चिंबोऱ्या असतात.

माझा आवडता काळ अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचा, म्हणजे उधाणाचा. या उपसागरात उधाणाच्या दिवसांत ओहोटी साधारण पहाटे सहाच्या सुमाराला येते आणि दुपारी बाराच्या आसपास भरती. म्हणजे सगळं चढतं पाणी सकाळी मिळतं. ब्रूस्टरचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, सूर्य उजव्या खांद्यामागे असतो आणि दुपारचा नैर्ऋत्येचा वारा अजून सुटलेला नसतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या, दिवसांत चढतं पाणी दुपारी येतं. तेव्हाही ऊन पाठीशी असतं, पण वाऱ्याने पाणी चुरगळलेलं असतं. नवीन माणसाने उधाणाची सकाळ निवडावी. नऊच्या आधी ऊन फार तिरकं असतं, तेवढा वेळ चालण्यात आणि तळ समजून घेण्यात घालवावा. ओहोटीला रिकाम्या वाळूवरून हिंडलात की चर कुठे आहेत, कोणत्या उंचवट्याला वळसा घालून पाणी येणार, हे डोळ्यांनी दिसतं. मासे त्याच चरांमधून येतात.

सामानाबद्दल थोडक्यात. नऊ फुटी, आठ किंवा नऊ वेटचा रॉड (वेट म्हणजे तो किती जड लाइनसाठी आहे त्याचा आकडा). रीलला चांगला ड्रॅग (ब्रेक) आणि लाइनच्या मागे दोनशे यार्ड बॅकिंग, म्हणजे राखीव दोरा. तरंगणारी लाइन, फार तर इंटरमीडिएट, म्हणजे सावकाश बुडणारी. लाइन आणि फ्लायमधला बारीक दोरा, म्हणजे लीडर, दहा-बारा फुटांचा, टोकाला १६ पौंडी फ्लुरोकार्बनचा पारदर्शक दोरा. कमरेला स्ट्रिपिंग बास्केट, म्हणजे ओढलेली लाइन ठेवायची टोपली, बांधा, नाहीतर सैल लाइन पायांत आणि शेवाळात अडकते. फ्लायच्या डब्यात तीनच प्रकार असले तरी चालतात: सँड ईलसारखी बारीक, बोटभर लांब फ्लाय, वजनदार डोळ्यांची, छोट्या माशासारखी क्लाउझर मिनो, आणि एक चिंबोरीची फ्लाय. बॉब क्लाउझर यांनी क्लाउझर घडवली ती नदीतल्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी, पण समुद्रात ती तितकीच चालते. फक्त गुडघ्याएवढ्या पाण्यात जड डोळे नकोत, पडल्याचा आवाज माशाला पळवतो. मी मण्याच्या साखळीचे हलके डोळे बांधतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका.

आता मासा दिसला. इथे बहुतेक जण चुकतात, आणि चूक घाईची असते. मागच्या जूनमधली एक सकाळ सांगतो. पाणी मांडीच्या खाली, वारा जवळजवळ नाही. डावीकडून तीन सावल्या येत होत्या, साठ-सत्तर फुटांवर. माझी वीस फूट लाइन आधीच पाण्यावर होती, फ्लाय डाव्या हाताच्या चिमटीत. असंच तयार उभं राहायचं, कारण मासा दिसल्यावर लाइन सोडायला लागलात तर तो निघून जातो. मी रॉड आडवा, पाण्याजवळून फिरवला. उंच हलणारा रॉड त्यांना दिसतो. एक फॉल्स कास्ट, म्हणजे पाण्याला न टेकवता लाइन हवेत एकदा मागे-पुढे, मग सोडली. फ्लाय पहिल्या माशाच्या पुढे आठ फुटांवर पडली. तो तिथे पोहोचेपर्यंत ती तळाला टेकली होती. मी हलवली नाही. सावली फ्लायपाशी आली तेव्हा चार इंच ओढली, वाळूचा छोटा धुरळा उडाला. मासा थबकला, डोकं खाली झालं, शेपूट किंचित वर. तो क्षण ओळखता आला पाहिजे. तोंड उघडलेलं दिसत नाही, शरीराचा कोन बदललेला दिसतो.

त्या क्षणी रॉड वर उचलायचा नाही. नदीत ट्राउटला पकडणाऱ्यांचा हात सवयीने वर जातो आणि फ्लाय तोंडातून निघून येते. रॉडचं टोक पाण्याकडे, लाइनच्या सरळ रेषेत ठेवा आणि डाव्या हाताने लांब, सलग ओढा. वजन लागलं तर मासा अडकला. नाही लागलं तर फ्लाय अजून माशासमोरच आहे, तो पुन्हा येऊ शकतो. मी या एका सवयीसाठी मोकळ्या मैदानावर दोरी बांधून सराव केला होता.

किती पुढे टाकायची हे खोलीवर आणि वेगावर ठरतं. गुडघाभर पाण्यात, रमतगमत येणाऱ्या माशासाठी सहा ते आठ फूट. पाणी कमरेपर्यंत असेल किंवा मासा भरभर जात असेल तर आणखी पुढे. थेट डोक्यावर पडली की सगळा थवा फुटतो. आणि फ्लाय कधीही माशाच्या दिशेने ओढली जाऊ नये. छोटा प्राणी मोठ्यावर चाल करून जात नाही, मासा हे बघून बुजतो. ती त्याच्यापासून दूर किंवा आडवी जायला हवी. चिंबोरी टाकलीत तर ओढूच नका, टेकू द्या.

अडकल्यावर सैल लाइन बास्केटमधून सुटेपर्यंत लक्ष लाइनवर, माशावर नाही. रॉड बाजूला खाली धरून जोर लावा आणि लवकर जवळ आणा. फार दमवलेला मासा सोडल्यावरही वाचत नाही. इथले नियम ठरवणारे, सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असं धरून हिशोब करतात. पाणी तापलं की धोका वाढतो. पाणी ७० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मी फ्लॅटवर जात नाही. हात ओले करा. तोंडात तीक्ष्ण दात नसतात, सँडपेपरसारखा खरखरीत स्पर्श असतो, म्हणून खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. पोटाखाली दुसरा हात ठेवा. उभा लटकवू नका. फोटो पाण्यातच काढा. तोंड पाण्याच्या ओढीकडे करून धरा, शेपटीने तो स्वतः झटका देईल तेव्हा सोडा.

मॅसॅच्युसेट्समध्ये १६ वर्षं आणि त्यापुढच्या माणसाला सहसा खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. मासा ठेवायचा असेल तर दिवसाला एकच, आणि २८ ते ३१ इंचांमधलाच. ही मर्यादा २०२३मध्ये तातडीने आणली गेली. १९८०च्या दशकात हा मासा इतका कमी झाला होता की मेरीलँडने १९८५पासून काही वर्षं त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली, आणि तेव्हा तो परत आला. मी सगळे सोडतो. तुम्ही निदान मोठ्या माद्या जाऊ द्या, अंडी त्यांच्याच पोटात सगळ्यात जास्त असतात.

शेवटचं, जिवाचं. केपच्याच चॅटम गावाजवळच्या मोनोमॉय बेटाला आणि अटलांटिककडच्या बाहेरच्या किनाऱ्याला करडे सील भरपूर आहेत आणि त्यांच्यामागे पांढरे शार्क येतात; सील दिसला की कमरेएवढ्या पाण्यात थांबू नका. ब्रूस्टरला खरी भीती पाण्याची आणि धुक्याची. भरती समोरून येते असं वाटतं, पण ती चरांमधून आधी तुमच्या मागे भरते. एकदा धुकं उतरलं आणि मला किनारा कोणत्या बाजूला आहे हे पाच मिनिटं कळलं नाही. गळ्यातल्या होकायंत्राने मला दक्षिण दाखवली. तेव्हापासून वाळूवर पाय ठेवतानाच दिशा बघून ठेवतो, आणि येताना ओलांडलेला सर्वात खोल चर लक्षात ठेवतो. त्या चरातलं पाणी गुडघ्याच्या वर जायच्या आत मी तो परत ओलांडलेला असतो, समोर मासे असले तरी.