प्रबंधाचा विषय अडला होता, तो असा सुटला

'माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य' हा विषय मार्गदर्शकांकडून परत येतो, कारण त्यात मोजायचं काय ते ठरलेलं नसतं. कोण, कुठे आणि नेमकं काय, हे तिन्ही शीर्षकातच पक्कं केलं की गाडी पुढे सरकते: 'तालुक्यातील अनुदानित शाळांतील नववीच्या विद्यार्थ्यांना समुपदेशकाकडे जाताना येणारे अडथळे'. दहावी टाळावी. बोर्डाच्या परीक्षेमुळे शाळा तास देत नाहीत, आणि मिळालेला ताण परीक्षेचाच असतो.

खरी अडचण प्रश्नावलीची. मुलांच्या भावना आणि वर्तनातल्या अडचणी तपासणारी २५ विधानांची एसडीक्यू ही प्रश्नावली ११ ते १७ वयाची मुलं स्वतः भरू शकतात. पण तिचं घरी भाषांतर करू नका, अधिकृत आवृत्तीच वापरा. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेणार असाल तर नववा प्रश्न नीट वाचा. तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एखाद्या मुलीने तिथे 'जवळजवळ रोज' यावर खूण केली आणि तो कागद महिनाभर गठ्ठ्यात पडून राहिला, तर ते अक्षम्य आहे. म्हणून उत्तरपत्रिकेवर सांकेतिक क्रमांक हवा, त्याच दिवशी तपासणी हवी, आणि पुढे कोणाला कळवायचं हे आधीच लेखी ठरलेलं हवं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक प्रत्येक मुलाच्या हाती द्यावा.

पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज जूनमध्येच टाका. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनं आणि सहली सुरू झाल्या की वर्ग हाती लागत नाहीत.