गाण्यांच्या फाइलींपासून चॅप्टरवाली डीव्हीडी

रिमोटवर ‘पुढचं’ दाबलं की गाणं अगदी पहिल्या सुरापासून लागायला हवं. आधीच्या गाण्याची शेपूट ऐकू आली किंवा नव्या गाण्याचा पहिला ठोका गिळला गेला, तर बाकीची डीव्हीडी कितीही देखणी असो, ऐकणाऱ्याचा विरस होतो. म्हणून चॅप्टरच्या, म्हणजे रिमोटने जिथे उडी मारता येते त्या खुणांच्या, वेळा आधी पक्क्या करायच्या, मेनू आणि चित्रं नंतर.

मी पहिल्यांदा प्रत्येक गाण्याचं वेगळं टायटल, म्हणजे डिस्कवरचा स्वतंत्र व्हिडिओ, केलं होतं. दोन टायटलांच्या मध्ये प्लेअर क्षणभर थांबतो, पडदा काळा होतो. सलग वाजणाऱ्या मैफलीत ती फट फार खुपली. तेव्हापासून सगळी गाणी एकाच टायटलमध्ये ठेवतो आणि आत चॅप्टर पाडतो. एका टायटलमध्ये ९९ चॅप्टर बसतात, तेवढे पुरून उरतात.

सुरुवात ध्वनीपासून. सीडीवरच्या ध्वनीचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या, ४४.१ किलोहर्ट्झ असतो, डीव्हीडी-व्हिडिओला (टीव्हीच्या प्लेअरवर चालणाऱ्या डीव्हीडीला) ४८ लागतो. हा बदल एकदाच आणि स्वतः करावा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे: प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४८००० ठेवा, गाणी आत घ्या आणि क्रमाने एकामागोमाग एकाच ट्रॅकवर लावा. शक्य असेल तर मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅक घ्या, या प्रकारांत आवाजाचा दर्जा कमी होत नाही. एमपीथ्रीत फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता चिकटलेली असते. सुट्या गाण्यांत ती कळत नाही, पण एकात एक मिसळलेल्या दोन गाण्यांच्या सांध्यावर खट्‌कन जाणवते. तिथे झूम करून ती कापावी लागते.

आवाजाची पातळी एकसारखी करण्याचा मोह होतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेली गाणी असतील तर जरूर करा. एकाच अल्बमची असतील तर प्रत्येक गाण्याला हात लावू नका. हळू गाणं हळूच राहावं म्हणून कुणीतरी ते तसं ठेवलेलं असतं. पातळी वाढवायचीच तर सगळ्या अल्बमची एकत्र वाढवा.

आता चॅप्टर. डीव्हीडीवर चॅप्टर वाटेल त्या क्षणी सुरू होऊ शकत नाही. चित्राच्या फ्रेम्स गटागटाने साठवलेल्या असतात, साधारण अर्ध्या सेकंदाचा एक गट, आणि चॅप्टर गटाच्या सुरुवातीलाच लागतो. तुम्ही दिलेली वेळ गटाच्या मधोमध पडली तर खूण थोडी सरकते. उपाय सोपा आहे: दोन गाण्यांमध्ये दीड-दोन सेकंदांची शांतता सोडा आणि खूण त्या शांततेत, पहिल्या सुराच्या जवळजवळ एक सेकंद आधी ठेवा. म्हणजे ती इकडेतिकडे सरकली तरी सूर कापला जात नाही. समजा, पहिलं गाणं ४ मिनिटं ३१ सेकंदांनी विरलं आणि दुसऱ्याचा पहिला सूर ४:३३ ला आहे. तर चॅप्टर ४:३२ ला. सलग मैफलीत शांतता नसते, तिथे टाळ्या ओसरत असतानाची जागा धरावी. मी हेडफोन लावून प्रत्येक सांधा दोनदा ऐकतो. ऑडॅसिटीत त्या जागी लेबल टाका. शेवटी सगळी लेबलं एका मजकूर फाइलमध्ये एक्सपोर्ट होतात. त्यात वेळा सेकंदांत असतात, त्या मिनिटांत करून घ्या. ध्वनी एकच लांब वेव्ह फाइल म्हणून काढा.

डीव्हीडी-व्हिडिओला चित्र लागतंच. शॉटकट किंवा ओपनशॉटसारख्या व्हिडिओ एडिटरमध्ये खाली ही फाइल आणि वर प्रत्येक गाण्याचं एक स्थिर चित्र लावा. चित्र चॅप्टरच्याच वेळेला बदलावं. रुंद पडद्यासाठी पाल पद्धतीत (भारतातल्या टीव्हीची पद्धत) १०२४ बाय ५७६ पिक्सेल आकाराचं चित्र करा, कारण डिस्कवर ते ७२० बाय ५७६ मध्ये दाबून बसतं आणि टीव्हीवर पुन्हा पसरतं. गाण्याचं नाव कडांपासून दहा टक्के आत लिहा, काही टीव्ही कडा कापतात. बारीक आडव्या रेघा टाळा, त्या लुकलुकतात.

जागेचा हिशेब असा. साध्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. विंडोज संगणक तेच ४.३७ गिगाबाइट दाखवतो. पीसीएम, म्हणजे न दाबलेला ध्वनी, तासाला सुमारे ६९० मेगाबाइट घेतो, सेकंदाला ४४८ किलोबिटचा डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून लहान केलेला ध्वनी, सुमारे २००. स्थिर चित्रांना सेकंदाला १५०० किलोबिट पुरतात. म्हणजे पीसीएमने सव्वातीन तास, डॉल्बीने पाच तास. सव्वातीन तासांच्या आत काम भागत असेल तर मी पीसीएमच घेईन. मूळ फाइल एमपीथ्री असेल तर तिला पुन्हा दाबणं म्हणजे दुसऱ्यांदा नुकसान.

तयार व्हिडिओ डीव्हीडीस्टायलर या मेनू आणि डिस्क बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. टायटलच्या प्रॉपर्टीजमध्ये चॅप्टरच्या वेळा भरा, पहिला शून्यावर. मेनूत प्रत्येक गाण्याला एक बटण, ते त्या-त्या चॅप्टरवर जाणारं, आणि एक ‘सगळं वाजवा’. एका पानावर आठ-दहा बटणांपेक्षा जास्त नकोत, लांबून अक्षर वाचता येत नाही. टायटल संपल्यावर परत मेनू येईल असं सांगून ठेवा.

लगेच डिस्क जाळू (म्हणजे लिहू) नका. आधी फोल्डर म्हणून काढा आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून एकेका चॅप्टरवर उडी मारा. सगळे सूर शाबूत असतील तर डीव्हीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या डिस्कवर), सर्वात जास्त नव्हे तर मधल्या वेगाने, जाळा. डिस्क फायनलाइज, म्हणजे लिहून बंद, व्हायलाच हवी, नाहीतर बरेच प्लेअर ती ओळखत नाहीत. कागदी लेबल चिकटवू नका, डिस्क असमतोल फिरते. डिस्कवर लिहायच्या पेनाने नाव घाला, आणि पहिली प्रत टीव्हीजवळच्या प्लेअरमध्ये रिमोट हातात घेऊन पहिल्या चॅप्टरपासून शेवटच्यापर्यंत ऐका.