उघडीप मिळण्याआधी फवारणीच्या मापाचा हिशेब करून ठेवा

ऑगस्टमध्ये पावसाने दोन दिवस उसंत दिली की सोयाबीन आणि कपाशीच्या शिवारात फवारणीची एकच धांदल उडते, आणि या धांदलीत हाताशी आलेले पीक मापाच्या चुकीने बसलेले मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. अळी ओळखण्यात चूक नव्हती, औषधही शिफारशीतलेच होते. पंपात पडलेले माप तेवढे चुकले होते. म्हणून यंदाच्या सल्ल्यात बाकी कामे थोडक्यात देऊन मी मापावरच भर देत आहे.

एका खरिपात आमच्या शिवारालगतच्या शेतकऱ्याने सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर १० टक्के एसएल हे तणनाशक मारले. माहितीपत्रकावर मात्रा हेक्टरी १ लिटर अशी होती, आणि त्यांनी ती एकरी समजून आख्खी बाटली एका एकरात संपवली. एकराला ४०० मिली पुरे असताना अडीचपट मात्रा गेली. पुढचे दोन आठवडे पीक जागचे हलले नाही. शेंडे पिवळे पडले, पेरे आखडली आणि रांगा मिटल्याच नाहीत.

लेबलावरील मात्रा बहुधा हेक्टरी असते, तर आपला सगळा हिशेब एकराचा असतो. १ हेक्टर म्हणजे सुमारे २.५ एकर, त्यामुळे हेक्टरी मात्रेला अडीचने भागावे, किंवा चारने गुणून दहाने भागावे, उत्तर एकच येते. १ लिटर म्हणजे १००० मिली, आणि १ मिली म्हणजेच १ सीसी, म्हणजे जनावरांच्या इंजेक्शनच्या सिरिंजवर जी बारीक रेघ असते तीच. नवी २० मिलीची सिरिंज आणून तिची सुई काढून टाकावी, तिच्यावर लाल खूण करावी आणि ती औषधांच्या पेटीतच ठेवावी. शेकडो रुपयांचे औषध मोजायला यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचे साधन मला माहीत नाही.

झाकणाने औषध मोजणे मात्र आजच बंद करा. मी घरातील पाच रिकाम्या बाटल्यांची झाकणे धुऊन त्यांत सिरिंजने पाणी भरून पाहिले, तेव्हा सर्वांत लहान झाकणात ५ मिली मावले आणि सर्वांत मोठ्यात २० मिलीपेक्षा थोडे अधिक. दुकानातून मिळालेल्या चिठ्ठीवर मात्र सगळ्याच औषधांपुढे ‘पंपाला एक झाकण’ एवढेच लिहिलेले असते. सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली लागते. चक्रीभुंग्यासाठी थायाक्लोप्रिड २१.७ टक्के एससी हेक्टरी ७५० मिली, म्हणजे एकरी ३०० मिली लागते. एकरी २०० लिटर पाणी धरल्यास १५ लिटरच्या पंपाला पहिल्याचे ४.५ मिली आणि दुसऱ्याचे २२.५ मिली पडते. एकाच पिकावरील या दोन औषधांत पाचपट फरक असताना दोन्हींना एक झाकण कसे चालेल?

दशांश चिन्हाकडेही डोळ्यांत तेल घालून पाहा. लिटरला ०.३ मिली ही मात्रा मोबाइलवरच्या निरोपात टिंब गळून ३ मिली झाली, तर थेट दहापट विष पडते. म्हणून मात्रा ‘१० लिटरला ३ मिली’ अशीच लिहावी आणि सांगावी. भुकटी किंवा दाणेदार औषध मिलीच्या मापाने कधीही घेऊ नये. कपाशीतील बोंडअळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी १० लिटरला ४.४ ग्रॅम सांगितले आहे. ते काट्यावरच तोलावे, कारण दाणे हलके असतात आणि ५ मिलीच्या चमच्यात ५ ग्रॅम बसत नाहीत.

पंपाचेही तसेच आहे. पूर्वीच्या शिफारशी १० लिटर पाण्यासाठी असत; आता पाठीवर १५, १६ आणि २० लिटरचे पंप आले, तरी मजुरांच्या हातातील माप जुनेच राहिले. शिवाय ‘पॉवर पंपाला मात्रा तिप्पट’ हे वाक्य अनेकांच्या डोक्यात बसले आहे. ते इंजिनवर चालणाऱ्या, हवेच्या झोताने धुके उडवणाऱ्या पंपासाठी आहे, कारण त्याला एकरी पाणी सुमारे एक तृतीयांश लागते आणि एकरी औषध तेवढेच राहते. बॅटरीवरचा पंप हा साधाच पंप आहे. त्यात तिप्पट औषध घालणे म्हणजे पीक जाळणे आणि फवारणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

आपल्याला एकरी किती पाणी लागते, हे प्रत्येकाने स्वतः मोजावे. शेतात ३३ फूट बाय ३३ फूट चौकोन आखावा; तो बरोबर एक गुंठा होतो. पंपात मोजून १० लिटर साधे पाणी घ्यावे, नेहमीच्या चालीने तेवढाच चौकोन फवारावा आणि उरलेले पाणी मोजावे. ४ लिटर संपले तर एकराला १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे १० पंप लागतील, आणि एकरी ६० मिलीचे औषध पंपाला ६ मिली पडेल. सोयाबीन दाटले की चाल मंदावते आणि पाणी वाढते. माझा अंदाज असा, की पेरणीनंतर दीड महिन्याने पुन्हा मोजल्याशिवाय जुना आकडा धरू नये. तणनाशकाचा हिशेब तर केवळ क्षेत्रावरच करावा. पाणी १५० लिटर लागो वा २००, एकरी ४०० मिली ते ४०० मिलीच.

विक्रेत्याने सोबत दिलेले टॉनिक, बूस्टर आणि स्टिकर यांची या मोसमात मला गरज दिसत नाही. पाच बाटल्यांचे मिश्रण केल्यावर कोणाचेही माप उरत नाही. अळ्या लहान आणि तुरळक असतील तर ५ टक्के निंबोळी अर्कावर भागते: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवाव्यात, गाळून १० लिटर अर्क करावा आणि त्यात ९० लिटर पाणी मिसळावे. १५ लिटरच्या पंपाला हा अर्क दीड लिटर लागतो.

या पंधरवड्यातील इतर कामे:
– साचलेले पाणी चर काढून बाहेर काढणे
– कपाशीत एकरी २ कामगंध सापळे लावणे
– सोयाबीनमध्ये पक्षिथांबे उभारणे
– चक्रीभुंग्याने खाचा पाडलेली पाने व फांद्या तोडून नष्ट करणे
– २,४-डी हे तणनाशक वापरलेला पंप कपाशीसाठी मुळीच न वापरणे

पाऊस सुरू असतानाच पंपात लिटरच्या बाटलीने पाणी ओतून त्याची खरी क्षमता मोजा. माझ्या १६ लिटर लिहिलेल्या पंपात गळ्यापर्यंत १७ लिटर मावले. तो आकडा ऑइल पेंटने पंपावर लिहा, त्याखाली यंदाच्या दोन-तीन औषधांचे मिली लिहा आणि सिरिंज कशी भरायची ते फवारणी करणाऱ्या मजुराला साध्या पाण्यावर दाखवून ठेवा. उघडीप कधी एका सकाळपुरतीच मिळते, आणि त्या वेळी बांधावर बसून भागाकार करायला कोणाला सवड नसते.